तारली गेली कुठे, आणि जाळं आवरलं तर परत येईल का?

सिंधुदुर्गातल्या एका रापणकाराच्या (किनाऱ्यावरून ओढायचं रापण जाळं लावणाऱ्याच्या) मुलाने विचारलंय: एखाद्या वर्षी तारली पाट्या भरभरून येते, मग दोन-तीन वर्षं तोंड दाखवत नाही. वडील म्हणतात, पर्ससीनवाल्यांनी (बोटीवरून थव्याला घेरून आवळायचं मोठं जाळं वापरणाऱ्यांनी) संपवली. पर्ससीनवर खलाशी असलेला मावसभाऊ म्हणतो, पाऊस फिरला, त्यात जाळ्याचा काय दोष? खरं कोणाचं, कोणता नियम केला तर मासळी टिकेल, आणि आमच्या हातात काय आहे?

आधी माझं मत सांगून टाकतो, कारण उत्तर लांबणार आहे. तारली यायची की नाही हे मुख्यतः समुद्र ठरवतो. पण पडायला लागल्यावर ती किती खाली जाणार आणि वर यायला किती वर्षं लावणार, त्यात जाळ्याचा हात मोठा असतो. म्हणजे नियम करायचा तो ‘तारली परत आणण्यासाठी’ नव्हे, पडत्या वर्षी जी उरली आहे ती पाण्यात राहू देण्यासाठी. आपल्या किनाऱ्यावर नियम बरेच आहेत, पण त्यातला एकही असा नाही.

मी मासळीच्या अभ्यासात बत्तीस वर्षं घालवली. त्यातली निम्मी तरी पहाटे बंदरावर, हातात लांबी मोजायचा फळा घेऊन. त्यामुळे सुरुवात माशापासूनच करतो.

तारलीचं शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँगिसेप्स. केरळात मत्ती किंवा चाळा, कर्नाटकात भूताई. बाजारात पेडवे आणि तिच्याच कुळातल्या इतर जाती बऱ्याचदा एकाच ढिगात येतात, त्यामुळे ‘तारली आली’ म्हणून जे सांगतात ते सगळं तारलीच असतं असं नाही. पुढच्या वेळी एक तारली घेऊन तिचा कल्ला उचलून बघा. आत कंगव्याच्या दातांसारखे बारीक, दाट काटे दिसतील. हीच तिची गाळणी. तोंड उघडं ठेवून पोहत राहायचं आणि पाण्यातल्या सूक्ष्म वनस्पती, मुख्यतः डायटम, गाळून घ्यायच्या. त्यातल्या फ्रॅजिलारिया ओशियानिका या एका डायटमवर ती इतकी तुटून पडते, की १९५०च्या दशकातच संशोधकांनी त्याला तारलीच्या येण्याची खूण मानलं होतं.

हा तपशील नुसता गमतीचा नाही. समुद्रात खाण्याच्या साखळीची एक पायरी चढली की साधारण दहातले नऊ हिस्से ऊर्जा वाया जाते, एक हिस्सा पुढे पोचतो. सुरमई आपल्या ताटात येईपर्यंत अशा तीन-चार पायऱ्या चढलेल्या असतात. तारली जवळजवळ पहिल्याच पायरीवर बसून खाते. म्हणून ती लाखो टनांत होऊ शकते. आणि म्हणूनच खालच्या पायरीचं काही बिघडलं की झळ सगळ्यात आधी तिलाच बसते.

ती खालची पायरी पावसाळ्यावर उभी आहे. मे संपताना नैर्ऋत्येचे वारे किनाऱ्याशी कलून वाहू लागतात, वरचं कोमट पाणी बाहेर ढकलतात, आणि त्याची जागा घ्यायला खोलातलं थंड, खताने भरलेलं पाणी वर येतं. ही क्रिया केरळच्या दक्षिण टोकाला सुरू होते आणि हळूहळू उत्तरेकडे सरकते. आपल्यापर्यंत पोचताना तिचा जोर बराच ओसरलेला असतो. या पाण्यावर ऊन पडलं की डायटमचं पीक फुटतं. तारलीने आपली वीण नेमकी याच वेळेला बांधून घेतली आहे: जून ते सप्टेंबर. गाबोळीत साधारण चाळीस ते ऐंशी हजार अंडी असतात. ती पाण्यात सुटतात आणि एका दिवसाच्या आसपास फुटतात. पिल्लाजवळ पोटाला बांधलेली शिदोरी असते दोन-तीन दिवसांची. तेवढ्यात त्याच्या तोंडाला मावेल असं खाणं त्याच्या आजूबाजूलाच असावं लागतं, कारण शोधत फिरण्याइतकं बळ त्याच्या अंगात नसतं.

१९१४ साली नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी हेरिंग या तारलीच्याच कुळातल्या माशाबद्दल हाच मुद्दा मांडला होता: किती अंडी घातली यापेक्षा पहिल्या खाण्याची वेळ साधली की चुकली, यावर त्या वर्षाची पिढी ठरते. आकडेमोड करून बघा. एका मादीची पन्नास हजार अंडी धरली, तर साठा (म्हणजे समुद्रातली एकूण तारली) जिथल्या तिथे राहायला त्यातली दोन मोठी व्हायला हवीत. लाखात चार. लाखात आठ जगली तर पुढच्या पिढीला साठा दुप्पट, लाखात दोन जगली तर निम्मा. लाखातल्या या दोन-चार पिल्लांचा फरक कुठलाही शास्त्रज्ञ समुद्रात जाऊन मोजू शकत नाही. बंदरावर मात्र तो वर्षभरात सगळ्यांना दिसतो.

पाऊस चांगला म्हणजे तारली चांगली, असं सरळ सूत्र मात्र करू नका. एक काळ असा होता की आम्ही सगळे तसंच म्हणायचो. तारलीचे अभ्यासक अँटनी राजा यांनी असं मांडलं होतं, की विणीच्या ऐन दिवसांत पाऊस ओढला तर मादीच्या अंडाशयातली अंडी न सुटताच जिरून जातात. हे निरीक्षण मोलाचं आहे, पण गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. खालून येणारं पाणी थंड आणि खताचं असतं तसंच त्यात प्राणवायूही कमी असतो. वारा फार जोराचा असला तर पिल्लं किनाऱ्यापासून लांब वाहून जातात. कमी प्राणवायूचं पाणी उथळात चढलं की थवे वरच्या थरात आणि किनाऱ्यालगत दाटतात. मग सगळ्यांना वाटतं मासळी वाढली. ती वाढलेली नसते, कोंडलेली असते. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

वाढीचा वेग बघा. ऑगस्ट-सप्टेंबरात बोटभर पिल्लं किनाऱ्याजवळ दिसू लागतात. वर्ष पुरं होईतो चौदा-सोळा सेंटिमीटर, आणि त्याच वयात पहिली वीण. आयुष्य दोन-अडीच वर्षांचं. वीस-बावीस सेंटिमीटरची तारली म्हणजे आजीबाई. घोळ किंवा मुशी यांच्या साठ्यात पाच-दहा वर्षांच्या पिढ्या एकत्र नांदतात. एका वर्षी पिल्लं नाही जगली तरी जुनी पिढी वीण चालू ठेवते. तारलीच्या घरात जुनी पिढी जवळपास नसतेच. लागोपाठ दोन पावसाळे चुकले की घर रिकामं. उलट दोन पावसाळे साधले तर भरायलाही वेळ लागत नाही.

केरळचे आकडे बघितले की हे पटतं. (महाराष्ट्राऐवजी केरळ घेतो, कारण तारलीचं मूळ घर तिथे आहे आणि तिथली मोजणी जुनी आणि सलग आहे.) केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या नोंदीत १९९४ साली केरळात तारली उतरली जेमतेम दीड हजार टन. २०१२ साली तीच जवळजवळ ३ लाख ९० हजार टन. २०२१ साली ३,२९७ टन, म्हणजे नऊ वर्षांत शंभरातला एक भागही उरला नाही. वर्तमानपत्रांनी मृत्युलेख लिहिले. आणि २०२३ साली? १ लाख ३८ हजार टन. ‘संपली’ हा शब्द तारलीच्या बाबतीत जपून वापरावा तो यासाठी. २०२४च्या पावसाळ्यानंतर केरळात ती पुन्हा इतकी आली की भाव कोसळले, पण आकाराने खुरटलेली. पिल्लं फार जगली, खाणं पुरलं नाही, वाढ खुंटली. भरघोस पीक आलं आणि कणसं बारीक राहिली, असं शेतकऱ्याला सांगितलं तर त्याला लगेच कळेल.

मग तुमचे वडील चुकीचे का? तिथे जाण्याआधी एक वेगळी गोष्ट. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ सांता बार्बरा नावाची समुद्रतळाची एक खोलगट जागा आहे. तिथल्या गाळात प्राणवायू नसल्याने वर्षानुवर्षं पडलेले माशांचे खवले थरांत तसेच राहिलेत. संशोधकांनी तो गाळ नळीने उपसून सतराशे वर्षांमागपर्यंतचे खवले मोजले. तिथले सार्डिन (तारलीचे नातलग) आणि अँचोव्ही (मांदेलीच्या कुळातले मासे) कोणी जाळं टाकत नव्हतं त्या शतकांतही असेच उसळत होते आणि गायब होत होते. कित्येक दशकं सार्डिन नाही, मग अचानक लाटच्या लाट. म्हणजे चढउतार हा या जातीच्या माशांचा स्वभाव आहे. तुमच्या मावसभावाचं पारडं इथे जड होतं.

पण त्याच कॅलिफोर्नियात १९४०च्या दशकात सार्डिन उतरायला लागलं तेव्हा कारखाने आणि बोटी पूर्ण जोराने चालूच राहिल्या. १९६७ साली बंदी आली, तोवर वाचवण्यासारखं फारसं उरलं नव्हतं. भरीव साठा परत दिसायला १९९०चं दशक उजाडलं. पेरूच्या अँचोव्हेटा या अँचोव्हीची गोष्ट त्याहून बोलकी. १९७० साली एक कोटी वीस लाख टनांच्या वर मासेमारी, १९७२चा एल निनो (पॅसिफिकचं पाणी तापतं आणि खालचं खताचं पाणी वर येणं मंदावतं ती घटना), आणि सगळं कोसळलं. एल निनो पूर्वीही येत होते. तो आला तेव्हा साठ्यात जाळ्यातून सुटलेली जेमतेम एक पिढी होती, हा फरक. २०१५ साली जगभरच्या अशा साठ्यांची तुलना करणारा एक अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातही हेच दिसलं: कोसळण्याआधीची काही वर्षं मासेमारीचा दाब चढा होता आणि साठा उतरू लागल्यावरही तो वेळेवर कमी झाला नाही. पडझड समुद्राने सुरू केली, तळ माणसाने गाठून दिला.

तळ गाठून देणं इतकं सोपं का असतं, हे तुम्हाला बोटीवरच्या माणसाइतकं कोणी सांगू शकणार नाही. तारली थव्याने राहते. साठा दहा पट कमी झाला म्हणून थवा दहा पट लहान होत नाही, थवे कमी होतात आणि मोक्याच्या जागी दाटतात. बोटीवर फिश फाइंडर आहे, ध्वनिलहरींनी थवा शोधणारं सोनार यंत्र आहे, खिशात मोबाइल आहे. एका तांडेलाला (बोटीच्या म्होरक्याला) थवा दिसला की तासाभरात दहा बोटी तिथे. त्यामुळे फेरीमागे मिळणारी मासळी शेवटपर्यंत चांगलीच दिसत राहते. जाळं भरतं, भरतं, भरतं, आणि एके दिवशी भरत नाही. बंदरावर आमची माणसं ‘फेरीमागे किती टन’ लिहून घेतात. दुसऱ्या माशांसाठी हे माप बरं असतं, तारलीसाठी फसवं. सुरुवातीची बरीच वर्षं मी स्वतः या आकड्यावर विसंबून अहवाल लिहिले. एका हंगामात ‘स्थिती समाधानकारक’ असं लिहून दिलं आणि पुढच्या हंगामात त्याच बंदरावर तारलीची पाटी दिसेना. तेव्हापासून मी तांडेलाला किती मिळाली हे विचारण्याआधी किती तास शोधावी लागली हे विचारतो.

रापणीचं गणित याच्या उलटं होतं. रापण किनाऱ्यावर उभी राहून मासळीची वाट बघते. थवा दारात आला तर मिळाला, नाही आला तर हात हलवत घरी. साठा घटला की रापण आपोआप उपाशी राहते आणि मासळीला उसंत मिळते. १९७०च्या दशकात गोवा-कर्नाटकात पर्ससीन आली, १९८०च्या दशकात केरळात रिंगसीन (तसंच घेरणारं जाळं), आणि ही उसंतच नाहीशी झाली. हे वडिलांचं म्हणणं मी मान्य करतो, फक्त त्यांच्या शब्दांत नाही. पर्ससीनने तारली संपवली नाही. तारली कमी असतानाही ती शोधून काढायची सोय पर्ससीनने केली.

महाराष्ट्राबद्दल आणखी एक गोष्ट. जुन्या पुस्तकांत तारलीचा मुख्य पट्टा कोल्लम ते रत्नागिरी असा दिलेला असतो. म्हणजे आपण तिच्या अंगणाच्या कुंपणाशी राहतो. साठा फुगला की ती कुंपणापर्यंत आणि पलीकडे पसरते. १९८०च्या दशकानंतर ती पूर्व किनाऱ्यावर तमिळनाडू-आंध्रात आणि इकडे उत्तरेतही मोठ्या प्रमाणात मिळू लागली, त्यामागे तापणारा समुद्रही असावा असं बरेच अभ्यासक मानतात. साठा आटला की ती घराच्या मधल्या खोलीत गोळा होते. त्यामुळे मालवणात तारली नाही याचा अर्थ मालवणात कोणी ती मारून टाकली असा होईलच असं नाही. कारण पाचशे किलोमीटर दक्षिणेला घडलेलं असू शकतं, आणि त्यावर महाराष्ट्राच्या मत्स्यव्यवसाय खात्याने काय करावं हा प्रश्नच उरतो.

हा मासा फक्त आपल्यासाठी नाही, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. सुरमई, कुपा, मुशी, डॉल्फिन, समुद्रपक्षी यांच्या पोटात जो चारा जातो त्यातला मोठा वाटा तारली, मांदेली आणि अशाच बारीक मासळीचा. डायटमपासून वरच्या माशांपर्यंत ऊर्जा न्यायची वाट या दोन-चार जातींच्या अरुंद पुलावरून जाते. नामिबियात १९६०-७०च्या दशकांत सार्डिनचा साठा कोसळला, तेव्हा त्याची जागा दुसऱ्या चांगल्या माशाने घेतली नाही. जेलीफिश आणि गोबी नावाचे छोटे मासे वाढले, पेंग्विन उपाशी राहिले. तारलीला भाव नाही म्हणून ती फिशमीलच्या (मासळीच्या भुकटीच्या) कारखान्याला द्यायची, आणि मग सुरमई का मिळत नाही म्हणून सभा घ्यायची, हे मी एकाच माणसाला एकाच आठवड्यात करताना पाहिलंय.

आता नियम. पावसाळी बंदी सगळ्यांना माहीत आहे: पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस, यांत्रिक बोटींसाठी. पूर्वी महाराष्ट्रात ती १० जूनपासून १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत असायची. तारलीच्या बाजूने बघितलं तर या बंदीने विणीचा पूर्वार्ध झाकला जातो, उत्तरार्ध उघडा राहतो, आणि हंगाम उघडतो तो नेमका पिल्लं किनाऱ्याला लागायच्या वेळी. नारळी पौर्णिमेआधी दर्यात न जाणारे आपले जुने लोक तारलीचा विचार करून थांबत नव्हते, उधाणाला भिऊन थांबत होते. तरी तारलीला ते सोयीचं होतं. बंदी १५ ऑगस्टपर्यंत वाढवा अशी मागणी होते तिला माझा पाठिंबा आहे. फक्त तेवढ्याने तारली वाढेल असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका.

किमान आकाराचा नियम केरळने २०१५ साली चौदा जातींना लावला, दोन वर्षांनी यादी ५८ जातींची केली. महाराष्ट्राने २०२३ साली ५४ जातींची यादी काढली. केरळात तारलीसाठी मर्यादा आहे दहा सेंटिमीटर. आता वर वाचलंत ते आठवा: पहिली वीण होते चौदा-सोळाला. म्हणजे दहाची मर्यादा ‘एकदा तरी विऊ द्या’ हे तत्त्व पाळत नाही. ती फक्त अगदी कोवळी पिल्लं फिशमीलला जाण्यापासून अडवते. तरी मी तिला नावं ठेवत नाही. पंधराची केली असती तर सप्टेंबर ते डिसेंबर जवळपास सगळी तारली बेकायदा ठरली असती आणि नियम कोणीच पाळला नसता. २०२४ सारख्या खुरटलेल्या वर्षी तर ती आणखीच अडचणीची ठरती, कारण तेव्हा मासा लहान असणं म्हणजे वयाने लहान असणं नव्हतं.

या नियमाची खरी अडचण वेगळी आहे, आणि ती कार्यालयात बसून दिसत नाही. ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) खोळीचा आस, म्हणजे जाळ्याचं भोक, मोठा केला तर लहान मासा निसटतो. म्हणून ४० मिलिमीटरच्या चौकोनी आसाचा आग्रह धरतात, तो बरोबरच आहे. पर्ससीनमध्ये मासा आसातून निवडला जात नाही, भिंतीने घेरला जातो. जाळं आवळून आल्यावर तांडेलाच्या लक्षात आलं की मासा लहान आहे, आणि त्याने चांगुलपणाने जाळं सोडलं, तरी तारलीचे खवले इतके सैल असतात की घासून, गुदमरून त्यातली बरीच पुढच्या दिवसांत मरते. आपण सोडल्याचं समाधान मानतो, समुद्राच्या हिशेबात ती मेलेलीच. त्यामुळे लहान तारली वाचवायची तर जाळं टाकायच्या आधी वाचवावी लागते: गळाने नाहीतर छोट्या जाळ्याने चार मासे काढून बघायचे, बोटभर निघाले तर वायरलेसवर सांगायचं आणि तिथून हलायचं. पेरूत अँचोव्हेटासाठी जवळपास हेच करतात. बारा सेंटिमीटरखालचे मासे दहा टक्क्यांच्या वर निघाले तर तो पट्टा काही दिवस बंद.

पर्ससीनवर महाराष्ट्रात ५ फेब्रुवारी २०१६चा आदेश आहे. सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम, नवे परवाने नाहीत, आणि परवाने कमी करत १८२वर आणायचे. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून धरण्यावर केंद्राने २०१७ साली बंदी घातली, आणि २०२१च्या सुधारणेनंतर राज्याच्या कायद्यात दंडही लाखांत गेले. कागद चांगला आहे. अंमलबजावणी कशी आहे हे तुम्ही रात्री किनाऱ्यावर उभं राहून दिवे मोजलेत तर कळेल, मी वेगळं सांगायला नको. बारा सागरी मैलांच्या आत राज्याचं राज्य, बाहेर केंद्राचं, आणि तारलीला ती रेषा माहीत नाही.

या सगळ्या नियमांत एक गोष्ट समान आहे: तारली चार लाख टन असो नाहीतर तीन हजार, नियम तोच. जो मासा दहा वर्षांत शंभरपट खाली-वर होतो त्याला एकच ठरावीक माप लावणं म्हणजे पूर असो की दुष्काळ, धरणाचं दार तेवढंच उघडं ठेवणं. अमेरिकेने पॅसिफिक सार्डिनसाठी तळरेषा घातली आहे. आधी दीड लाख टन मासा समुद्राच्या नावाने बाजूला, त्याच्या वर जो अंदाजे असेल त्यातला काही हिस्साच मासेमारीला. साठा रेषेखाली गेल्यामुळे तिथली थेट मासेमारी २०१५पासून बंद आहे. नॉर्वे आणि रशिया बॅरेंट्स समुद्रातल्या कॅपलिन या छोट्या माशासाठी वीण करायला दोन लाख टन उरतील याची ९५ टक्के खात्री असेल तरच कोटा देतात. पेरूत हंगाम उघडण्याआधी सर्वेक्षणाचं जहाज ध्वनिलहरींनी थवे मोजून येतं. २०२३ साली पिल्लांचं प्रमाण फार निघालं म्हणून मुख्य पट्ट्यातला पहिला हंगाम उघडलाच नाही.

आपल्याकडे कोटा चालणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो. शेकडो बंदरं, हजारो नौका, एका जाळ्यात दहा जाती, आणि मासळी लिलावाला लागायच्या आत मोजणारा माणूस नाही. पण तळरेषेची कल्पना कोट्याशिवायही वापरता येते. ऑगस्ट-सप्टेंबरात केरळ ते महाराष्ट्र एकाच पद्धतीने पिल्लांचा अंदाज घ्यायचा. संशोधन जहाज, बंदरावरचे नमुने आणि उपग्रहातून दिसणारा पाण्याचा हिरवेपणा, तिन्ही एकत्र ठेवायचे. पिढी चांगली असेल तर हंगाम नेहमीसारखा. कमी असेल तर पर्ससीन आणि रिंगसीनचा हंगाम उशिरा उघडायचा आणि आठवड्यातले दिवस कमी करायचे. फार कमी असेल तर त्या वर्षी तारली फिशमीलला देणं बंद, बाकी मासेमारी चालू. चार राज्यांनी एकत्र बसल्याशिवाय यातलं काही होणार नाही, कारण साठा एक आहे आणि आज जो थांबेल त्याची मासळी शेजारचा नेईल. थांबणाऱ्या खलाशाची त्या आठवड्याची मजुरी कोणी द्यायची, हा प्रश्न आधी सुटायला हवा. तो न सोडवता काढलेला आदेश मी तरी अंमलात आलेला पाहिला नाही. १९४०च्या दशकात मद्रास सरकारने लहान आणि अंड्यावरची तारली धरणाऱ्या जाळ्यांवर निर्बंध घातले होते. काही वर्षांत ते मागे घ्यावे लागले.

तुमच्या हातात काय आहे, असं शेवटी विचारलंत. फार आहे. लाकडाची एक फळी घ्या, तिच्यावर सेंटिमीटरची पट्टी ठोका. हंगामात आठवड्यातून एकदा, एकाच दिवशी, न निवडता शंभर तारल्या मोजा. निवडून मोजल्या तर सगळं वाया, कारण हात आपोआप मोठ्या माशाकडे जातो. त्यातल्या दहांचं पोट उघडून गाबोळी पातळ आहे, भरलेली आहे की सुटलेली, एवढंच लिहा. शेजारी दोन रकाने: शोधायला किती तास लागले, आणि पाणी गार होतं की कोमट. रापणीची नोंद वेगळी ठेवा, पर्ससीनची मावसभावाकडून घ्या. तीन हंगाम सलग झाले की वही घेऊन जवळच्या मत्स्य महाविद्यालयात जा. मोजमाप करणारी सरकारी माणसं मोठ्या बंदरांवर असतात, रापणीच्या किनाऱ्यावरची नोंद फारशी कोणाकडे नाही. आणि तारली कोंडलेली आहे की वाढलेली, हे किनाऱ्यावर उभ्या असलेल्या जाळ्याला बोटीच्या आधी कळतं.